आईनं डावी दिली

सन एकोणीसशे बत्तीस. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. सोलापूरहून अक्कलकोटच्या वाटेवर आमचं गाव, आणि गावदेवीच्या, म्हणजे आईच्या, देवळाची पूजा माझ्याकडं होती. वडील गेल्यावर ती मला आली. शाळा मी दोन यत्ता शिकलो. पुढं का शिकलो नाही ते विचारू नका. मास्तर चुकत होता.

गुरवाची पूजा म्हणजे नुसतं मूर्तीवर पाणी ओतणं नव्हे. दिवा, नैवेद्य, गावच्या लग्नकार्याला पत्रावळी, आणि सगळ्यात जोखमीचं काम कौल. बैल घ्यायचा असो नाहीतर सोयरीक करायची असो, माणूस देवळात यायचा. मी शेवंतीच्या दोन पाकळ्या ओल्या करून आईच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवायचो आणि त्याचा प्रश्न मोठ्यानं विचारायचो. आधी उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

वडलांनी मला पाकळी चिकटवायला एका सकाळीत शिकवलं. पण कौल लावणारा माणूस कसा असावा, हे ते मरेपर्यंत शिकवत होते. कौल पडेपर्यंत पोटात अन्न नको. जे पडलं तेच सांगायचं, आपल्या मनातलं त्यात मिसळायचं नाही. आणि अंगात राग असला तर पाकळीला हात लावायचा नाही. मग पाकळी आईचं ऐकत नाही, रागाचं ऐकते.

ह्यावरूनच पुढं सगळं झालं. मला राग येत नाही. माझा आवाज मोठा आहे. हा फरक गावाला कधीच कळला नाही.

पाटलाला मळ्यात विहीर खणायची होती. कौल लावला. डावी पडली.

"पुन्यांदा लाव," पाटील म्हणाला.

"आई काय बहिरी हाय? एकदा इचारलं, तिनं एकदा सांगितलं."

"मी पाटील हाय."

"व्हय. पर आई न्हाय."

एवढंच बोललो. आता शिखरातली पारवी उडाली आणि बाहेर बांधलेली पाटलाची घोडी दावं तोडून गेली, त्याला मी काय करणार?

माझा एक चुलत भाऊ होता, माझ्याहून थोरला. बोलणं असं मऊ की मुंगी चावली तरी तिला 'बाई' म्हणायचा. पूजा आपल्याकडं यावी असं त्याच्या मनात फार दिवस होतं. तो पाटलाच्या ओट्यावर जाऊन बसला आणि हळूच म्हणाला, "रागीट मानसाचा कौल खोटा असतो. आमचे काकाच सांगायचे."

पंच बसले. ठरलं की येत्या मंगळवारपर्यंत मी आवाज चढवायचा नाही. चढला तर पूजा थोरल्याकडं. वडलांची, आज्याची, त्याच्याही आज्याची पूजा. मी म्हटलं, बघाच.

तो आठवडा गावानं जत्रेसारखा साजरा केला. जो तो मला चिडवायला यायचा. न्हाव्यानं दाढी करता करता माझी एका बाजूची मिशी उतरवली आणि आरसा पुढं धरून विचारलं, "आता?" मी वस्तरा मागून घेतला आणि दुसरी बाजू स्वतःच उतरवली. सोलापुरातला एक तेलंगी विणकर आमच्या गावात पाहुणा आला होता, त्यालाही लोकांनी माझ्यापुढं आणून बसवलं. त्यानं मला तेलुगूत मनसोक्त शिव्या दिल्या. मला एक अक्षर कळलं नाही. शेवटी तोच दमला आणि माझ्याकडं पाणी मागितलं.

घरच्या आईची, म्हणजे माझ्या जन्मदात्रीची, युक्ती साधी होती. घराबाहेर पडताना ती मला तोंडात पाण्याची चूळ धरायला लावायची. "सुम्म कुंद्रप्पा," म्हणायची, म्हणजे गप बस. तिचं माहेर कानडी मुलखातलं, धाक दाखवायचा तर ती कानडीत दाखवायची. अशानं मी आठवडा काढला, आणि आवाज चढला नाही.

मंगळवारी देवळापुढं सगळं गाव. आता पूजा माझीच, असं पंच म्हणणार तेवढ्यात थोरला उठला. "वरनं गप हाय. आत काय पेटलंय कुनी बघितलंय? आईलाच इचारा की, ह्यो मानूस पूजंला लायक हाय का."

सगळ्यांना पटलं. मग एका म्हाताऱ्या पंचाला शंका आली. "पर कौल लावनार कोन?"

"पूजा ज्येच्याकडं हाय त्यो. दुसऱ्याला हक न्हाय," पाटील म्हणाला.

"म्हंजे ह्यानंच सोताचा लावायचा?"

"व्हय. उजवी पडली म्हंजे ह्यो लायक."

"आरं, ह्यो नालायक असला तर ह्येचा कौलच खोटा. मग उजवी पडली तरी नालायकच की!"

"आन डावी पडली तर?"

"डावी म्हंजे नालायक. नालायकाचा कौल खोटा. खोटा म्हंजे..." म्हातारा थांबला. "म्हंजे लायक?"

पाटलानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "लाव रं तू. पडल तवा बघू."

मी पाकळ्या लावल्या आणि प्रश्न विचारला. एरवी पान चघळून होईतो एखादी पडायची. त्या दिवशी पडेना. ऊन डोक्यावर आलं, तरी पडेना. उपास खरा माझा एकट्याचा, पण सकाळी जोशात सगळ्यांनी ठरवलं होतं की गुरव उपाशी तर गाव उपाशी. आता उठून जेवायला जावं असं सगळ्यांनाच वाटत होतं, पण आधी कोण उठणार? एकानं उपरण्यानं वारा घेतला, तर दहाजण ओरडले, "वारं घालू नगं!" मग डाव्या पाकळीवर एक माशी येऊन बसली. सगळ्यांनी श्वास रोखला. पाटील हाकलायला निघाला, तर म्हाताऱ्यानं त्याचा हात धरला. "कुनी धाडलीय कुनाला म्हाईत?" माशी आपण होऊन उडाली. पाकळी तिथंच.

थोरला सगळ्यात पुढं बसला होता. त्याच्या पोटातला आवाज मला ऐकू येत होता. एकाएकी तो उभा राहिला आणि दोन्ही हात वर करून ओरडला, "पड की गं एकदाची! किती वाट बघायची? दगड हायस का काय?"

त्याचा असा आवाज गावानं जन्मात ऐकला नव्हता. आईला दगड म्हटलं! झाडून सगळी माणसं त्याच्याकडं बघायला लागली. आईकडं तोंड करून मी एकटाच होतो.

तेवढ्यात डावी सुटली आणि माझ्या पायावर पडली.

कुणी बघितलं नाही. उजवीची कड सुकून सुटली होती, नुसत्या फुंकरीनं खाली आली असती. मी पाकळी उचलली, वर धरली आणि म्हणालो, "डावी."

"कुनी बघितली?" पाटलानं विचारलं.

"मी."

"आन तूच सांगतोस?"

"मग कोन सांगनार?"

म्हातारा पंच पुन्हा लागला. "सोताच्या इरुद खरं बोलला, म्हंजे मानूस लायक. लायक म्हंजे कौल खरा. कौल खरा म्हंजे..."

"गप बसा!" पाटील म्हणाला. "लेकरा, पूजा तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे. ह्या थोरल्यापरास तू बरा."

"ऱ्हाऊ दे कशी? आईनं डावी दिली."

"आरं, आमीच म्हनतोय की ऱ्हाऊ दे!"

"तुमाला इचारलं न्हाय. तिला इचारलं!"

माझा आवाज शेजारच्या गावापर्यंत गेला म्हणतात. पाटलानं हात जोडले, पंचांनी जोडले. ज्यानं माझी मिशी उतरवली होती तो न्हावीसुद्धा 'पूजा नगा सोडू' म्हणाला. मी तांब्या आणि निरांजन थोरल्याच्या हातात दिलं. तो रडायला लागला. "मी आईला दगड म्हनलो रं, मला नगं."

"मग तिची माफी माग आन दिवा लाव. तेल संपत आलंय."

घरी गेलो तर आमच्या आईनं त्या दिवशी कानडीतला धाक बाजूला ठेवला. भाकरी वाढली.

लोक अजून म्हणतात की रागापायी माझी पूजा गेली. साफ खोटं आहे. पूजा कौलानं गेली. लावणाऱ्यानंच पाळला नाही तर कौल पाळायचा कुणी? पाटलाला विहीर खणू नको सांगायचं, आणि आपली वेळ आली की पंचांचं ऐकायचं? वडलांनी मला असलं काही शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी बांधून घेतली, चालत सोलापुरात आलो आणि गिरणीच्या फाटकासमोर रांगेत उभा राहिलो. माणसं भरणाऱ्या जॉबरनं विचारलं, "काय काम येतं?" म्हटलं, "देवाची पूजा." तो हसला आणि त्यानं माझ्या हातात झाडू दिला. साच्यांखाली, म्हणजे मागांखाली, कापसाची पिंज पडली होती. देवळात झाडायचो तशीच मी पूर्वेच्या कोपऱ्यापासून झाडायला सुरुवात केली.