बोलाकाकांचं बातमीपत्र

त्या मोठ्या संस्थेत त्यांना सगळे बोलाकाका म्हणत. नाव प्रेमाने पडलेलं नव्हतं. संस्थेच्या संगणक विभागात मदतीचा जो फोन होता, तो गेली कित्येक वर्षं तेच उचलत, आणि उचलला की एकच शब्द बोलत, "बोला." त्यानंतर समोरच्याने बोलायचं. काका ऐकत. मग "बंद करून चालू करा" किंवा "पाठवतो माणूस" एवढं म्हणत आणि फोन ठेवत. पगाराची यंत्रणा, रजेची यंत्रणा, खरेदीची यंत्रणा, कुठेही काही अडलं की लोकांना याच आवाजाला तोंड द्यावं लागे. त्यामुळे कित्येक जण आधी पाणी पिऊन मगच नंबर फिरवत.

काका मनाने मुळीच खडूस नव्हते. त्यांची अडचण वेगळी होती. त्यांना योग्य वाक्य सुचायचं, पण उशिरा. लहानपणी घरात पाच भावंडं एकाच वेळी बोलायची, त्यात यांचं वाक्य जुळून येईपर्यंत विषय बदललेला असायचा. तीच सवय जन्माची लागली. फोन ठेवला की मग काकांना कंठ फुटे. बंद फोनकडे बघत ते पुटपुटत, "अहो बाई, संगणक रुसलेला नाही, तुम्ही त्याची वायर पायाने उपटलीय. तुमच्या चपलेला विचारा."

हे पुटपुटणं ऐकायला एकच माणूस असे, शेजारच्या टेबलावरच्या टेस्टरबाई. नव्या यंत्रणेतल्या चुका हुडकणं हे त्यांचं काम. त्या कामाची सवय घरीदारीही सुटली नव्हती, पण काकांच्या पुटपुटण्यात त्यांना कधी चूक सापडली नाही. उलट कित्येकदा हसू आवरण्यासाठी त्यांना तोंडात रुमाल कोंबावा लागे.

अशात विभागाच्या मुख्य मॅडम कुठल्याशा चर्चासत्राला जाऊन आल्या आणि सोबत एक कल्पना घेऊन आल्या.

"आपल्याबद्दल लोकांचं मत चांगलं नाही," त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं. "कारण आपण त्यांच्याशी बोलत नाही. आता बोलायचं. दर आठवड्याला सगळ्यांना ईमेलने बातमीपत्र पाठवायचं."

पहिलं बातमीपत्र मॅडमनी समिती नेमून लिहून घेतलं. त्याची सुरुवात अशी होती : "सर्व संबंधितांस कळविण्यात आनंद होतो की, कार्यालयीन संगणक सेवांच्या सुसूत्रीकरणाच्या अनुषंगाने…" पुढे काय होतं ते समितीलाही आठवत नाही. ईमेल किती जणांनी उघडली हे बघायची सोय होती. मॅडमनी बघितलं. उघडणारे बहुतेक सगळे समितीचेच सदस्य निघाले, आणि त्यातल्या एकाने तीही चुकून उघडली होती.

मॅडमनी कपाळाला हात लावला. टेस्टरबाई म्हणाल्या, "मॅडम, काकांना लिहायला सांगा."

खोलीत हशा पिकला. काकांनी मागे वळून पाहिलं, की आपल्यामागे दुसरे कुणी काका आहेत का.

"मी?" ते म्हणाले.

"फोन ठेवल्यावर तुम्ही जे बोलता ना, तेच लिहा. बाकी काही करू नका."

काकांना नाही म्हणायचं होतं. पण त्यांचं 'नाही' नीट जुळून येईपर्यंत मॅडम "ठरलं तर मग!" म्हणून निघूनही गेल्या होत्या.

पुढे दोन दिवस काका पडद्याकडे बघत बसले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की इथे कुणी घाई करत नाहीये. कोरं पान पुढचा प्रश्न विचारत नाही. आणि मग ते लिहू लागले.

"मंडळी," त्यांनी लिहिलं, "शनिवारी पगाराची यंत्रणा दुरुस्तीसाठी बंद राहील. पगार बंद राहणार नाही. दोन्ही वाक्यं वाचा. पहिलंच वाचून शेजारच्याला सांगायला धावू नका.

पासवर्डबद्दल. दुसऱ्या मजल्यावर एका सद्गृहस्थांनी आपला पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवला आहे. वर लाल शाईने 'गुप्त' असं लिहिलं आहे. त्यांच्या सावधपणाचं कौतुक. आता चिठ्ठी काढा.

रजेच्या अर्जात 'कारण' या चौकटीत 'घरगुती' एवढंच लिहिलं तरी चालतं. मावशीच्या गुडघ्यांचं सविस्तर वर्णन यंत्रणा वाचत नाही. आम्ही मात्र वाचतो. मावशी आता कशा आहेत?"

खाली नाव नव्हतं. 'संगणक विभाग' एवढंच.

दुपारपर्यंत अर्ध्या संस्थेने ते उघडलं होतं. दुसऱ्या मजल्यावरची चिठ्ठी गायब झाली. तिच्यासोबत इतरही अनेक चिठ्ठ्या गेल्या, कारण प्रत्येकाला आपल्यालाच टोमणा मारलाय असं वाटलं. आणि संध्याकाळी खरेदी विभागातून उत्तर आलं, "मावशी आता काठी न घेता चालतात. विचारल्याबद्दल आभार."

मॅडम खुशीत आल्या. टेस्टरबाईंनी ते उत्तर छापून भिंतीवर लावलं. काका फोनवर "बोला" म्हणत राहिले.

आता काकांच्या घरची गोष्ट सांगायला हवी. काकांची बायको याच संस्थेत, शेजारच्या इमारतीत पगार विभागात होती. तिचा स्वभाव अगदी उलटा. जिन्यात भेटलेल्या माणसाशी बोलत बोलत ती त्याच्या मजल्यापर्यंत जाई आणि मग आपल्या मजल्यावर परत येई. घरात बोलण्याचं खातं तिच्याकडे आणि ऐकण्याचं काकांकडे, अशी वाटणी लग्नापासून झालेली होती. मुलगी नोकरीसाठी परगावी गेल्यापासून तर ऐकणारे एकटे काकाच उरले होते.

त्या रात्री जेवताना बायको म्हणाली, "अहो, तुमच्या विभागाचं ते बातमीपत्र वाचलंत का?"

काकांनी घास चावता चावता मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते त्यांनाही ठरवता आलं नाही.

"थांबा, वाचूनच दाखवते." तिने फोन काढला आणि मावशीपर्यंत सगळं वाचून दाखवलं. मध्ये दोनदा हसू अनावर होऊन थांबली. "काय गोड माणूस असेल हो! कोण लिहितं?"

"आमच्यात बरेच जण आहेत," काका म्हणाले.

आता खरं सांगून टाकायला काय हरकत होती? काहीच नाही. पण सांगायचं वाक्य जुळेपर्यंत ती दुसऱ्या विषयावर गेली होती. पुढच्या आठवड्यात तिने पुन्हा वाचून दाखवलं, पुन्हा हसली, आणि काकांच्या लक्षात आलं की आपल्याला हे ऐकायला फार आवडतंय. आपल्या बायकोने आपलं इतकं कौतुक लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातही केलं नव्हतं. सांगितलं तर ते थांबेल, अशी त्यांना भीती वाटली. असे आठवडे जात राहिले आणि आठवड्यागणिक सांगणं जास्तच अवघड होत गेलं.

संस्थेत तर्कांना ऊत आला होता. कुणी म्हणे टेस्टरबाई लिहितात, कुणी म्हणे बाहेरून लेखक आणलाय. एकदा उपाहारगृहात काका चहा पीत असताना पलीकडच्या टेबलावरून आवाज आला, "त्या विभागात एक इतका लाघवी माणूस बसलाय, आणि फोन मात्र त्या बोल्याच्या हातात दिलाय! काय नशीब एकेकाचं!" काकांनी बशी उचलली आणि उरलेला चहा खिडकीकडे तोंड करून प्यायले. अपमान झालाय की सत्कार, याचा हिशोब काही केल्या लागेना.

मग मॅडमनी बातमीपत्रात 'तुमचे प्रश्न' असं सदर सुरू करायला लावलं. प्रश्न धो धो आले. ते ज्या ईमेलच्या पेटीत येत, ती काका आणि टेस्टरबाई दोघंही उघडत. एका सकाळी टेस्टरबाईंच्या टेबलावरून आधी एक विचित्र उचकी ऐकू आली, मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज, आणि मग त्या डोळे पुसत काकांना म्हणाल्या, "काका, प्रश्नांच्या पेटीत बघा. मी बाहेर जाऊन हसून येते."

काकांनी बघितलं.

"आदरणीय लेखक," पत्रात लिहिलं होतं, "आपलं लिखाण मी दर आठवड्याला घरी मोठ्याने वाचते. प्रश्न यंत्रणेचा नाही. आपल्याकडे फोन उचलणारे गृहस्थ माझे मिस्टर आहेत. माणूस सोन्यासारखा आहे, पण बोलत नाही. मी दिवसभराचं सगळं सांगते आणि ते 'हं' म्हणतात. हल्ली मला भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. ते आपल्या शेजारीच बसत असतील. आपण इतकं छान बोलता, त्यांना थोडं शिकवाल का? कृपया हे छापू नये."

काकांनी पत्र पुन्हा वाचलं. 'भिंतीशी' या शब्दापाशी ते अडकले. त्यांना वाटत होतं, आपण ऐकतोय म्हणजे झालं. ते खरंच ऐकत असत, शब्दन् शब्द. जिन्यात कोण भेटलं, कुणाची बदली झाली, कुणाचा जावई रुसला, सगळं त्यांना पाठ होतं. पण हे तिला कुठून कळणार?

ते उत्तर लिहायला बसले. पहिलं उत्तर फार विनोदी झालं. पुसलं. दुसरं त्याहून विनोदी झालं. तेही पुसलं. फोन वाजत होता. तो त्यांनी नोकरीत प्रथमच वाजू दिला, आणि उठून चालू लागले.

पगार विभागात ते कधी गेले नव्हते. दारात काका दिसताच सगळ्यांची बोटं कळफलकावर थबकली. बायको खिडकीजवळ बसली होती. ती घाईघाईने उठली.

"काय झालं? पोरीचा फोन आला का? बरी आहे ना?"

"बरी आहे," काका म्हणाले. मग, "तुझी मेल मिळाली."

"कुठली मेल?"

"ती… शिकवायची."

तिचा चेहरा लाल झाला. "म्हणजे त्या लेखकाने ती तुम्हाला दाखवली? मी विश्वासाने लिहिलं होतं! काय एकेक माणसं असतात! आणि मी त्याला गोड म्हणत होते!"

"अगं, तो…"

"तो काय? त्याची बाजू घेऊ नका! घरच्या गोष्टी अशा चव्हाट्यावर…"

"तो मीच," काका म्हणाले.

बायकोने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "थट्टा करू नका. तुम्हाला येत नाही ती."

काका म्हणाले, "जरा सरक." तिच्या खुर्चीत बसले आणि तिच्याच संगणकावर टाइप करू लागले. पगार विभाग हळूहळू खुर्चीमागे गोळा झाला.

"मंडळी, पगार विभागातून तक्रार आली आहे की एका घरातली यंत्रणा प्रतिसाद देत नाही. आम्ही तपासलं. यंत्रणा चालू आहे. सांगितलेलं सगळं तिच्यात साठलेलं आहे, अगदी परवा जिन्यात भेटलेल्या बाईंच्या जावयासकट. फक्त ती जुन्या पद्धतीची असल्याने उत्तर तयार व्हायला वेळ लागतो, आणि तोवर पुढचा प्रश्न आलेला असतो. यात वापरणाऱ्या बाईंची चूक नाही. यंत्रणेने लवकर सांगायला हवं होतं. यंत्रणा दिलगीर आहे."

मागे कुणीतरी नाक ओढलं. बायको मात्र रडली नाही. तिने सगळं नीट वाचलं आणि शांतपणे म्हणाली, "इतके महिने मी जेवताना वाचून दाखवतेय, आणि तुम्ही समोर बसून घास गिळताय?"

"हो," काका म्हणाले.

"उठा. खुर्ची द्या माझी."

त्या संध्याकाळी ती एक अक्षर बोलली नाही. काकांनी असं घर कधी ऐकलं नव्हतं. पंख्याचा आवाज येत होता, नळ ठिबकत होता. जेवायला बसले तरी तीच शांतता. काकांनी पहिल्यांदाच स्वतःहून सुरुवात केली.

"भाजीत मीठ कमी आहे."

असलं वाक्य निवडल्याबद्दल त्यांना लगेच स्वतःचा राग आला. तिने मिठाची बरणी त्यांच्यापुढे आपटली. पण काका थांबले नाहीत. हळूहळू, वाटेत अडखळत, ते सांगू लागले. सकाळी एका साहेबांचा फोन आला, ते म्हणाले यंत्रणा मला ओळखत नाही, मी इथला उपप्रमुख आहे. काकांनी विचारलं, कुठलं पान उघडलंय. तर साहेब शेजारच्या बँकेच्या पानावर संस्थेचा पासवर्ड टाकत होते, आणि बँकेला दम देत होते. हे सांगायला काकांना जेवण संपेपर्यंतचा वेळ लागला. मध्ये तीनचार वेळा बायकोच्या ओठांवर पुढचा प्रश्न आलेला दिसला, आणि तीनचार वेळा तिने तो पाण्याच्या घोटाबरोबर गिळला. गोष्ट संपली तेव्हा ती आधी हसली, मग रुसल्याचं आठवून गप्प झाली, मग पुन्हा हसली.

त्यानंतर काका फोनवर गोड बोलू लागले, असं काही झालं नाही. फक्त "बोला" नंतर आणखी एक वाक्य आलं, "जरा विचार करून सांगतो, धरून ठेवा." लोक धरून ठेवू लागले. धरून ठेवलं की पलीकडून कधी कधी काहीतरी भारी ऐकायला मिळतं, अशी बातमी पसरली. पगार विभागाने लेखकाचं गुपित पोटात ठेवायची शपथ घेतली आणि ती जेमतेम आठवडाभर पाळली.

बातमीपत्र आता पाठवण्याआधी घरी वाचलं जाऊ लागलं. बायकोची कात्री कडक होती. एका रविवारी दुपारी मॅडमवरच्या एका विनोदावरून दोघांची जुंपली. ती म्हणे, काढा तो, नोकरी जाईल. काका म्हणत, तोच तर त्यातला जीव आहे. आणि ते नुसतं म्हणून थांबले नाहीत, तर उभं राहून, हातवारे करत, घर दणाणेल अशा आवाजात पटवून देऊ लागले.

दारावर टकटक झाली. शेजारच्या काकू काळजीने आत डोकावत होत्या.

"काही नाही, सहजच," त्या हळूच म्हणाल्या. "घरात कुणा परक्या पुरुषाचा आवाज ऐकू आला, म्हणून म्हटलं बघावं. पाहुणे आलेत का?"

"नाही हो," बायको म्हणाली. "आमचेच आहेत. या ना आत, तुम्हीच ऐका आणि सांगा, हा विनोद ठेवायचा की काढायचा."