माहेरचे दोन क्रेडिट

लग्नाला होकार देताना मनस्वीने एकच अट घातली होती: आधी पदवीची शेवटची परीक्षा, मग हळद. प्रितमच्या घरच्यांनी ती मान्य केली आणि वैशाखातली तारीख धरली. आता त्या तारखेच्या वाटेत दोन क्रेडिट आडवे आले होते. ते मिळाल्याशिवाय परीक्षेला बसता येणार नव्हते.

पहिले वर्ष तिने उरणच्या बाजूला, घराजवळच्या कॉलेजात केले होते. तिथला वर्ग बंद पडल्यावर ती पनवेलला आली. एका कॉलेजात मिळवलेले क्रेडिट दुसऱ्या कॉलेजात चालतात, असे माहितीपत्रकात ठळक छापले होते. त्याप्रमाणे बाकीचे सगळे तिच्यामागोमाग आले. ग्रामसर्वेक्षणाचे दोन मात्र वाटेत कुठे अडकले, ते कोणी सांगेना. जुने कॉलेज म्हणे, आम्ही पाठवले. नवे म्हणे, आमच्याकडे दिसत नाहीत. सोयरीक मोडायला आल्यावर मध्यस्थाची जी गत होते, ती मनस्वीची झाली. निरोप तिनेच पोहोचवायचे आणि दोन्हीकडची बोलणीही तिनेच खायची.

एकदा वडील काशिराम तिच्यासोबत पनवेलच्या कॉलेजात आले. त्यांचे आयुष्य न्हावा शेवा बंदरात ट्रेलर चालवण्यात गेले होते. खिडकीतल्या गुरुदत्त नावाच्या लिपिकाला ते म्हणाले, "सायेब, कंटेनर एका यार्डातून दुसऱ्या यार्डात नेला, तर सील बगतात नि सोडतात. आतला माल कोन परत भराला लावत नाय."

"काका, तुमच्याकडे कस्टमवाले नसतात का?" गुरुदत्तने चष्म्यावरून विचारले.

काशिरामांनी मान डोलावली. कस्टमपायी रखडलेल्या गाडीत त्यांनीही दिवस काढले होते.

"सर्वेक्षण पुन्हा करा, सोपा मार्ग आहे," गुरुदत्त म्हणाला. "यंदा कॉलेजने गाव दत्तक घेतले आहे." त्याने नाव सांगितले. मनस्वीने ते दोनदा विचारून घेतले.

"सर, मी त्याच गावात राहते."

"मग उत्तमच. जाण्यायेण्याचा खर्च वाचला."

रविवारी छापील प्रश्नावली घेऊन ती आपल्याच आळीत दारोदार फिरली. चुलते म्हणाले, "काय गो, निवडनुकीला उभी ऱ्हातेस काय?" सगळ्यांत शेवटी ती आईपुढे बसली. सुमती सुके बोंबील निवडत होती.

"कुटुंबप्रमुखाचे नाव?"

"बापाचा नाव इसरलीस?"

"आये, विचाराला लागतं."

"विचारा, मॅडम."

"घरात शौचालय आहे का?"

"सकाली तूच व्हतीस अर्दा तास. मी भायेर ताटकलत."

मनस्वीने हसू दाबून 'होय'वर खूण केली. मग शेवटचा प्रश्न वाचला: "गावातल्या मुलींच्या शिक्षणात कोणत्या अडचणी येतात?"

सुमतीचा हात थांबला. "लिव, कालेज."

"आये!"

"का? गावात येष्टी येते. तुजा बापूस कदी नाय बोलला नाय. व्हनारा जावय पन थांबलाय. मंग आडवा कोन हाय?"

मनस्वीने आईचे उत्तर जसेच्या तसे उतरवले. कोणी वाचणार नाही, अशी तिची खात्री होती. या एका बाबतीत कॉलेजने तिला निराश केले नाही. अहवालावर 'समाधानकारक' असा शेरा पडला.

परीक्षा तोंडावर आली असताना गुरुदत्तने तिला बोलावून घेतले. "एक घोळ झालाय. तुमचे जुने दोन क्रेडिटही आले. आता दोन जास्त झालेत. ते कमी करण्यासाठी अर्ज द्या आणि जुन्या कॉलेजचे ना-हरकत पत्र जोडा."

मनस्वीने आवाज चढू दिला नाही. "अर्ज नाही दिला, तर परीक्षेला बसता येईल?"

"बसता येईल. पण नोंदीत ते जास्तीचे दिसत राहतील."

"दिसू द्या, सर. माहेरचे आहेत."

खिडकीपासून दूर होऊन तिने घरी फोन लावला. "आये, आता पेपर तेवढे ऱ्हायलेत. हळद कुटायला घे."