सर्जेरावांचा उरलेला तुकडा

कल्याणी बनसोडेला पंधरा मिनिटं एका जागी बसवून दाखवेल त्याला बक्षीस द्यावं, असं तिच्या संस्थेतले लोक म्हणत. पाषाणच्या त्या संशोधन संस्थेत तिच्या नावाची खुर्ची होती, पण खुर्चीवर बहुतेक वेळा तिचं हेल्मेटच बसलेलं असे. बाई आत्ता मायक्रोस्कोपपाशी, आत्ता जिन्यात, आत्ता स्कूटरवर. चाळिशी जवळ आली तरी दुपारचा डबा उभ्यानंच व्हायचा. तिची आई हिरा म्हणायची, ही पोटात असतानाही हिनं मला कुशीवर वळू दिलं नाही.

सगळा दोष स्वभावाचा नव्हता, कामही तसंच होतं. फुफ्फुस असो की यकृत, त्याला वरचेवर इजा होत राहिली की शरीर तिथं रफू करतं. रफूवर रफू होत गेलं की शेवटी मूळ कापड उरतच नाही, नुसता दोरा उरतो. मग फुफ्फुसाला श्वास पुरत नाही आणि यकृत निबर होऊन बसतं. हे नको तितकं रफू थांबवणारं एक औषध कल्याणी आणि तिचे वरिष्ठ सुदर्शन सर तपासत होते. उंदरांवर ते झकास चालायचं. उंदरांवर सगळंच झकास चालतं. माणसाचं काय होतं ते बघायचं तर माणसाचाच तुकडा लागतो. म्हणून ऑपरेशनमध्ये काढलेल्या फुफ्फुसाचा किंवा यकृताचा, डॉक्टरांच्या तपासण्या होऊन उरलेला भाग पेशंटच्या परवानगीनं बर्फाच्या पेटीतून कल्याणीकडे यायचा. ती त्याच्या कांद्याच्या पापुद्र्यासारख्या पातळ चकत्या करायची आणि अंगाइतक्या उबेच्या कपाटात, पोषक द्रवात, सतत हलत्या ताटल्यांमध्ये ठेवायची. अशा चकत्या आठवडाभर जगतात. निम्म्यांना औषध द्यायचं, निम्म्यांना नाही, आणि पाचव्या दिवशी सगळ्यांवर फॉर्मॅलिन ओतायचं. त्यानं चकत्या मरतात, पण जशा होत्या तशा थिजून राहतात आणि मग निवांत वाचता येतात.

हे सांगायला सोपं आहे. गेलं वर्षभर एक तुकडा धड टिकला नव्हता. एक विद्यापीठ चौकातल्या ट्रॅफिकमध्ये गेला, दुसऱ्याला बुरशी लागली, तिसऱ्याच्या वेळी लाइट गेले आणि जनरेटर सुरू करणारा चहाला गेला होता. सुदर्शन सर हल्ली कल्याणी दिसली की फक्त भुवया उंचावत.

त्यात सर्जेराव आले. हिंजवडीचे जुने शेतकरी. जमीन आयटी पार्कात गेली तेव्हापासून बसून होते. आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवले नव्हते आणि तरी यकृत निबर झालेलं, वर गाठ. गावात लोक मागं हसतात, याचंच त्यांना गाठीपेक्षा जास्त दुःख. परवानगी मागायला कल्याणी हॉस्पिटलात गेली तेव्हा त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि सही ठोकली. नाहीतरी तुम्ही ते कचऱ्यातच टाकणार, मग घ्या की, म्हणाले. त्यांची बायको विजयमाला शेजारी मोसंबी सोलत बसली होती.

गुरुवारी ऑपरेशन झालं. तुकडा वेळेत आला, चकत्या सुरेख निघाल्या, आणि शनिवारी कल्याणीनं ताटल्यांमधला द्रव तपासला तर औषध दिलेल्या चकत्यांमध्ये रफूचा दोरा स्पष्ट कमी होता. तिनं पुन्हा तपासला. तेच. ‘ठीक’ या शब्दापलीकडे कधी कौतुक न करणारे सुदर्शन सर ‘बरं आहे’ म्हणाले. कल्याणी त्या दिवशी जिन्यातून चार वेळा उगाचच वरखाली झाली.

रविवारी सकाळी सर्जेरावांचा मुलगा इंद्रजीत याचा फोन आला. वडील पहाटे गेले होते. उरलेल्या यकृतानं दगा दिला. कल्याणी काही बोलणार, तोच तो म्हणाला, “मॅडम, सॉरी, पण आई अडून बसलीये. बाबांचा तुमच्याकडे जो पार्ट आहे ना, तो परत पाहिजे. देह पुरा गेला पाहिजे म्हणते. तोपर्यंत उचलू देत नाहीये. सगळे थांबलेत.”

तिनं सरांना फोन लावला. सरांनी थंडपणे कायदा सांगितला. परवानगी सर्जेरावांची होती, ती त्यांनी शुद्धीत दिली होती, नातेवाइकांना ती मागं घेता येत नाही. मग थोडं थांबून त्यांनी व्यवहारही सांगितला. चकत्या काढून झाल्यावरचा जाड तुकडा बरणीत पडूनच आहे, तो द्यावा. त्यांना तुकडा हवा आहे, तुकडा मिळेल. चकत्यांचा विषय काढायचं कारण नाही.

कल्याणीला हे पटलं, आणि पटलं याचाच तिला राग आला. बरणी पेटीत घालून ती निघाली. बाणेर, बालेवाडी, वाकडचा पूल. रविवार असल्यानं रस्ता मोकळा होता आणि एरवी ज्या रस्त्याला ती शिव्या घालायची तो आज फारच लवकर संपला.

बंगल्याच्या अंगणात पुरुष पांढऱ्या टोप्या घालून उभे होते, मागं काचेच्या इमारती. आत सर्जेराव. विजयमालेच्या भोवती जावा बसल्या होत्या. त्यातल्या एकीच्या हातात पाण्याचा तांब्या होता, कुंकू पुसायला. हातभर हिरव्या बांगड्या अजून विजयमालेच्या हातात होत्या. बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र उतरवायचं आणि मग उचलायचं, असा क्रम ठरलेला होता आणि तो या बरणीपायी अडला होता.

विजयमालेनं बरणी दोन्ही हातांनी घेतली. झाकणाकडे बघत विचारलं, “एवढंच ना, बाई? मागं काय ऱ्हायलं न्हाई ना?”

हो म्हणायचं, नमस्कार करायचा आणि निघायचं. कल्याणीनं रस्ताभर हेच घोकलं होतं. पण त्या बाईचे डोळे रडून कोरडे झालेले होते आणि ती खरंच विचारत होती. कल्याणीच्या तोंडून निघून गेलं, “राहिलंय, काकू. पातळ चकत्या केल्यात त्यांच्या. माझ्याकडे कपाटात आहेत. त्या अजून जिवंत आहेत.”

इंद्रजीतनं कपाळावर हात मारला. कल्याणी घाईघाईनं सांगत सुटली, की जिवंत म्हणजे त्यातल्या पेशी, त्या द्रव पितात, थोडंफार यकृताचं काम करतात, पण म्हणजे सर्जेराव काही...

“ते कळतंय मला,” विजयमाला म्हणाली. “खुळी न्हाई मी. पर जितं हाय म्हंता ना? मग जित्याला कसं जाळायचं?” बरणी तिनं नवऱ्याच्या उशाशी ठेवली. “हे न्या यांच्यासंगट. ते ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. त्येंचं सरलं की मला फोन करा.”

तांब्यावाली जाऊ पुढं सरकली. विजयमालेनं मान मागं घेतली. नवऱ्याचं काहीतरी अजून जगतंय असं डॉक्टरीणबाई म्हणतात, मग माझं कुंकू कशाला पुसता, असं ती शांतपणे म्हणाली. जावा एकमेकींकडे बघत राहिल्या. बाहेरून एक वयस्क गृहस्थ आत येऊन समजावून गेले. उपयोग झाला नाही. शेवटी सर्जेरावांना उचललं, ते बायकोच्या हातात बांगड्या ठेवूनच.

ती बाई हे खरंच मानत होती, की तिला एक निमित्त हवं होतं आणि ते कल्याणीनं आयतं नेऊन दिलं, हे कल्याणीला आजही सांगता येत नाही.

संध्याकाळी तिनं हे सगळं आईला सांगितलं. पहिल्यांदा हिरा हसली. मग भाकरी थापता थापता तिचे हात थांबले. वडील, रामदास, गेले तेव्हा कल्याणी कॉलेजात होती. आपल्यात असलं काही करायचं नसतं हे घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं, भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता, आणि तरीही चुलत नणंदेनं मोरीत नेऊन हिराच्या बांगड्या काढल्या होत्या. कल्याणीला हे माहीत नव्हतं. तिनं विचारलं, मग तू काही बोलली कशी नाहीस.

“मला कुणी विचारलंच नाही,” हिरा म्हणाली, आणि भाकरी तव्यावर टाकली.

मंगळवार उजाडला. पाचवा दिवस. फॉर्मॅलिन आजच ओतायला हवं होतं. उद्यापासून चकत्या आपोआप सडू लागतात आणि मग औषधानं काय केलं आणि सडण्यानं काय, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. कल्याणीनं सकाळी टेबल पुसलं. मग पुन्हा पुसलं. बाटल्यांच्या चिठ्ठ्या बदलल्या. कपाटाचं दार उघडून हलत्या ताटल्या बघितल्या, बंद केलं, जिना उतरून खाली गेली, वर आली. माणसं गेल्यावर त्यांचे तुकडे तिनं मागल्या वर्षांत थिजवले होते, एकदाही हात अडखळला नव्हता. आज बाटली उचलली की तिला हिरव्या बांगड्या दिसत होत्या. आपण ओतलं की ती बाई विधवा होणार. सर्जेरावांना मृत्यूनं नेलं, आणि हे उरलेलं मात्र आपल्या हातानं. तिला भीती वाटत होती, सरळ भीती.

दुपारी सुदर्शन सर दारात येऊन उभे राहिले. ताटल्या अजून हलताहेत हे त्यांनी पाहिलं.

“कल्याणी, आपण इथं संशोधन करतो,” ते म्हणाले. “फाशीची तारीख नाही ठरवत.” आणि निघून गेले.

चार वाजता तिनं फोन लावला. विजयमालेनंच उचलला. कल्याणीनं सांगितलं, की अजून काही केलेलं नाही. आज थांबवलं तर सर्जेरावांच्या तुकड्यातून काहीतरी शिकता येईल. नाही थांबवलं तर चकत्या दोन-तीन दिवस जगतील आणि मग वाया जातील. “पण तुम्ही म्हणाल तसं करीन,” ती म्हणाली. वर्षाचं काम त्या वाक्यात होतं आणि ती ते खरोखरच देऊन बसली होती.

पलीकडे कुणीतरी भांडी विसळत होतं.

“दुखंल का त्येला?”

“नाही, काकू.”

“मग करा. फोन चालू ठिवा.”

कल्याणीनं फोन टेबलावर ठेवला, ताटल्या बाहेर काढल्या आणि एकेकीत फॉर्मॅलिन ओतलं. वासानं डोळे चुरचुरले, नाहीतरी ते भरलेलेच होते. हलवणारं यंत्र बंद केलं.

“झालं,” ती म्हणाली. आणि फोन कानाला घट्ट लावून काच फुटल्याचा आवाज ऐकायला उभी राहिली.

आवाज आला नाही. कुणी बायका काही विचारत होत्या. मग विजयमाला बोलली, तिच्याशी की त्यांच्याशी ते समजेना, पण फोन तोंडाजवळ होता आणि शब्द स्वच्छ ऐकू आले.

“न्हाई फोडायच्या. दोन दिस घातल्या, कुनाचं काय अडलं? आता ऱ्हाऊ द्या.”