दाजींचं पहिलं नको

सोलापूर जिल्ह्यात आजवर जेवढी 'नको' बोलली गेली असतील, त्यातली निम्मी एकट्या आमच्या दाजींनी म्हटली असतील, आणि त्यातलं एकही खरं नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. मूळचे मंगळवेढ्याकडचे, एस.टी.त कंडक्टर म्हणून जन्म काढलेले, उंच, सडसडीत, कपाळावर विभूतीचे पट्टे. दारात आले की सुरू. चहा घेणार का? नको. पंखा लावू का? नको, कशाला उगं. बसा तरी. नको नको, निघालोच. आणि हे म्हणेपर्यंत चपला काढून, पंख्याखालची नेमकी खुर्ची हेरून गृहस्थ तिच्यात बसलेले असायचे. आता पहिलं नको ही आमच्याकडे नुसती रीत असते, हे मलाही कळतं. वाढणारा आला की ताटावर आडवा हात धरायचा आणि बोटांत फट ठेवायची. पण चारचौघं दुसऱ्या खेपेला नरमतात. दाजींना तिसरी लागायची. तिसऱ्यांदा विचारलं की मान थोडी कलती करून म्हणायचे, "आता तुमी म्हनताय तर..." आणि मग तीन भाकरी कुठं गेल्या ते कळायचं नाही.

ही खोड लग्नाच्या आधीपासूनची. अक्काला बघायला आले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो आणि दाराआड उभा होतो, म्हणून मला स्वच्छ आठवतंय. चहा-चिवडा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि आमच्या आप्पांनी घसा साफ करून विचारलं, "मग, मुलगी पसंत आहे ना?" दाजी म्हणाले, "नको नको." दाजींच्या चुलत्यांनी त्यांना कोपरानं ढोसलं, आप्पांचा चेहरा उतरला. तेवढ्यात आतून अक्काचा आवाज आला, "आप्पा, परत विचारा की." बघायला आलेल्यांसमोर मुलीनं तोंड उघडायचं नसतं, पण ती बोलली. आप्पांनी भांबावून परत विचारलं. दाजी म्हणाले, "बघू की सावकाश." आतून पुन्हा, "अजून एकदा." तिसऱ्यांदा विचारल्यावर मान कलती झाली आणि अक्काचं लग्न ठरलं. नंतर मी तिला विचारलं, तुला कसं गं कळलं? ती म्हणाली, या माणसानं दोनदा चहा नको म्हटला आणि तिसऱ्यांदा दोन कप प्यायला. ट्रे धरून उभी असताना तिनं एवढं बघून ठेवलं होतं.

पुढं सगळा संसार तिनं याच हिशेबानं केला. कुणी नवखा पाहुणा दाजींच्या नकारानं खट्टू झाला तर ती हसून सांगायची, "त्यांचं नको म्हंजे गाडी अजून स्टँडातच हाय म्हणून समजा." एकदा दाजींचा पाय मोडला. नर्सनं विचारलं, दुखतंय का आजोबा, इंजेक्शन देऊ? पाय भोपळ्याएवढा सुजलेला आणि हे म्हणतायत नको. अक्कानं तिला सांगितलं, बाई, अजून दोनदा विचारा. निवृत्तीच्या दिवशी डेपोत सत्कार झाला, साहेबांनी दोन शब्द बोला म्हटलं, दाजी नको म्हणाले आणि साहेब थेट चहाकडे वळले. हारतुरे घेऊन हे घरी आले तर खिशात लिहिलेलं दोन पानी भाषण. अक्कानं आम्हा सगळ्यांना सतरंजीवर बसवलं, दाजींना उभं केलं, तीनदा आग्रह केला आणि ते भाषण करायला लावलं. चांगलं केलं हो. शेवटी टाळ्या वाजवायला जेमतेम पाच माणसं होतो, पण दाजींचे डोळे भरून आले होते.

आणि हा माणूस दुसऱ्यालाही तसंच वागवायचा. डबल बेल द्यायच्या आधी तीनदा पुकारायचे, "ऱ्हायलंय का कोनी?" ड्रायव्हर वैतागून हॉर्न बडवायचे. एका फाट्यावर एक म्हातारी नुसती सावलीला बसली होती. दाजींनी तिला विचारलं, येतीस का? ती नाही म्हणाली. बघ की, येतीस का? नाही. अगं, ये की. तिसऱ्यांदा ती बिचारी चढली आणि मंगळवेढ्याला पोचली. परतीच्या फेरीत दाजींनीच तिला पुन्हा त्याच झाडाखाली आणून सोडलं. म्हणाले, "मनात असंल तिच्या, आपन कसं सोडून जायचं?" आम्ही हा किस्सा सांगून वर्षानुवर्षं हसलो. आता सांगताना मी निम्म्यात थांबतो.

अक्का दीड वर्षामागं गेली. मूलबाळ नव्हतं. शुक्रवार पेठेतल्या दोन खोल्यांत दाजी एकटे राहिले. तिचे दिवस झाल्यावर मी त्यांना म्हटलं, "दाजी, आमच्याकडं चला राहायला. वरची खोली आहे." दाजी म्हणाले, "नको." मी ते ऐकलं आणि गप्प बसलो. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. मी निवृत्त मास्तर, वरच्या खोलीत शिकवण्या घेतो, फळा आहे, बाकं आहेत, ते सगळं कुठं हलवायचं हा घोर होता. बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. दाजींना ओळखून मला पन्नास वर्षं झालेली, त्यांच्या पहिल्या नकोचा अर्थ मला कळत नव्हता असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? कळत होता. ते तिथं एकटे राहणार की आमच्यात येणार, हे मी आणखी एकदा विचारण्यावर अडलं होतं, आणि मी विचारलं नाही.

या उन्हाळ्यात पुण्याच्या मुलानं आम्हाला थीम पार्कला न्यायचं ठरवलं. तिथलंच हॉटेल, तीन दिवस, आणि मील प्लॅन. म्हणजे मनगटाला एक केशरी पट्टा बांधतात, तो दाखवला की सकाळ-दुपार-संध्याकाळ हवं तेवढं खा. दाजींना माझ्या नातीनं, मनूनं, तयार केलं. सहा वर्षांचं पोर ते, तिला नको हा शब्द ऐकूच येत नाही. तिनं फोनवर वीसेक वेळा विचारलं असेल. दाजी नवीन पांढरा सदरा घालून आले, आणि मला वाटलं, चला, आपल्या हातून एक तरी बरं काम झालं.

आता त्या पट्ट्याबद्दल सांगतो. तो बांधल्यावर माणसात काहीतरी बिघडतं. घरी अर्ध्या पोळीवर हात धुणारी माझी बायको पहिल्या दुपारी पास्त्याच्या रांगेत दोनदा दिसली. मुलगा तंदुरीपाशी, सून सॅलडपाशी, मनू नूडल्सपाशी, आणि मी, साखर वाढलेला माणूस, गुलाबजामांपाशी. एका घरातली सहा माणसं, पण पहिल्या दोन दिवसांत एकदाही एका वेळी टेबलावर बसली नाहीत. दाजी मात्र बसलेले. समुद्री चाच्याचा वेश केलेला, एका डोळ्यावर काळी पट्टी बांधलेला वाढपी त्यांच्यापाशी आला. "सर, सूप?" दाजी म्हणाले, "नको." तो चाच्या दुसऱ्या टेबलाकडं गेला. दाजी त्याच्या पाठीकडं बघत राहिले. संध्याकाळी ते ताट घेऊन रांगेत उभे राहिले, पनीरच्या भांड्यासमोर थांबले आणि भांड्यामागच्या वाढणाऱ्या पोरीच्या तोंडाकडं बघायला लागले. ती म्हणाली, "घ्या ना काका." काकांनी हात आडवा केला. ती म्हणाली, "मग पुढं चला, लाइन अडलीय." रिकामं ताट घेऊन दाजी अशी सगळी भांडी पार करत गेले आणि शेवटी दहीभात होता, तो चमचाभर घेऊन आले.

हे मी बघत होतो का? अर्धवट बघत होतो. आम्ही विचारलं नाही असंही नाही. दाजी, काही आणू का, असं बायकोनं विचारलं, मुलानं विचारलं, सुनेनं विचारलं, मीही विचारलं. प्रत्येकानं एकेकदा. प्रत्येकाला नको मिळालं आणि प्रत्येकजण आपापल्या आइस्क्रीमकडं गेला. चार जणांनी एकेकदा विचारलं की ते चारदा विचारणं होत नाही, हे मला, उभा जन्म गणित शिकवलेल्या माणसाला, तेव्हा सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दाजींच्या खोलीत चहा करायला गेलो. हॉटेलवाले किटलीशेजारी रोज बिस्किटांच्या लहान पुड्या ठेवतात. एकही नव्हती. कचऱ्याच्या डब्यात बघितलं तर सगळ्या पुड्यांचे कागद नीट घड्या घालून टाकलेले, दूध पावडरीची पाकिटंही. दाजी खिडकीशी उभे होते. मी म्हटलं, "दाजी, हे काय? खाली डोंगराएवढं अन्न पडलंय आणि तुम्ही बिस्किटांवर राहताय?" ते ओशाळले. म्हणाले, "विचारत्यात की मास्तर. पन थांबत न्हाईत." मग हळूच म्हणाले, "ती असती तर थांबली असती."

त्या वेळी मी काय करायला हवं होतं, ते कुठल्याही शहाण्या माणसाला कळेल. हात धरून खाली न्यायचं, समोर बसायचं आणि दोन पुऱ्या आपल्या हातानं त्यांच्या ताटात टाकायच्या. पण मला लाज वाटली होती, आणि लाज वाटली की मला राग येतो. मी मास्तरकी केली. म्हटलं, "दाजी, अहो काळ बदलला. इथं आग्रह कुणी करत नाही. हवं तर हो म्हणायचं, आपल्या हातानं घ्यायचं. नको म्हटलं की लोक नकोच धरतात. आता तरी शिका हे." दाजींनी शहाण्या विद्यार्थ्यासारखं ऐकून घेतलं. म्हणाले, "व्हय. बरोबर हाय तुजं."

आणि शिकले की. त्या सकाळच्या नाश्त्याला दाजींनी स्वतः ताट उचललं, इडली घेतली, उपमा घेतला, चाच्यानं कॉफी विचारली तर पहिल्याच झटक्याला हो म्हणाले. मनूनं टाळ्या वाजवल्या. मुलगा म्हणाला, दाजी आता मॉडर्न झाले. आम्ही सगळे हसलो. दाजी मान खाली घालून जेवत होते. मला काय वाटलं कोण जाणे, मी उठलो, एक गरम डोसा आणला आणि म्हटलं, घ्या. "नको." घ्या की दाजी. "नको." मी तिसऱ्यांदा म्हणत तो त्यांच्या ताटात टाकला आणि मान कलती व्हायची वाट बघत उभा राहिलो. दाजींनी तो उचलून मनूच्या ताटात ठेवला. म्हणाले, "नको म्हनलो की. झालंय माजं."

परतीच्या रस्त्यावर मला गाडीत चैन पडली नाही. सोलापूर यायच्या आत, चहाला थांबलो तेव्हा, मी बायकोला बाजूला घेऊन बोललो. शिकवण्या बंद, फळा काढायचा, खोली दाजींची. ती म्हणाली, मी दीड वर्ष हेच म्हणतेय. शुक्रवार पेठेत गाडी थांबली. मी दाजींबरोबर आत गेलो. ओट्यावर एक पातेलं, एक ताट, एक पेला. मी म्हटलं, "दाजी, आमच्याकडं राहायला चला." ते म्हणाले, "नको." या वेळी मी तयारीत होतो. "चला की." "नको रं." मी त्यांची पिशवी उचलली आणि म्हटलं, "मी तिसऱ्यांदा सांगतोय, चला."

दाजींनी पिशवी माझ्या हातातून काढून घेतली आणि खुंटीला लावली. रागानं नाही. मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, "तिचं दिस झाल्यावर विचारलंस, तवा लई मनात हुतं बघ. कापडं भरून ठिवली हुती. तू परत विचारशील म्हनून आठ दिस कुलूप हातात घिऊन बसलो हुतो." मी खुंटीवरच्या पिशवीकडं बघितलं. ते म्हणाले, "तुजं काय चुकलं न्हाय. मी नको म्हनलो, तू नको ऐकलंस. आता मला हितली सवय झाली."

तेव्हापासून दर रविवारी मी शुक्रवार पेठेत जातो आणि विचारतो. एकदा विचारतो, दोनदा विचारतो, तीनदा विचारतो, जिना उतरताना वळून चौथ्यांदाही विचारतो. दाजी दारात उभे राहून हसतात. आता त्यांना एवढा वेळ लागत नाही. त्यांचं पहिलंच नको खरं असतं.