अक्कानं बांधलेला पट्टा

आमचा मामा बोलायचा म्हणजे ओरडायचाच. अक्कलकोट रोडच्या चादरींच्या कारखान्यात तो जॉबर होता, बंद पडलेले माग चालू करणारा. मागांच्या खडखडाटात निम्मं आयुष्य गेलेलं, त्यामुळे घरात मीठ मागितलं तरी गल्लीला ऐकू जायचं. नव्या कामगारांना त्याचं एकच सांगणं असे, "माग थांबला की मोटारीला शिव्या देऊ नगा. आदी ताणा बघा, उभं सूत. लई घट्ट झाला असंल."

मुंबईत त्याच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन झालं आणि विश्रांतीला तो आमच्या घरी आला. आल्या दिवशीच माझ्या आईनं, त्याच्या अक्कानं, बाळंतिणीचं पोट बांधतात तशी त्याची छाती करकचून बांधली. पट्टा त्याच्याच मागावरच्या चादरीचा, फाटता फाटत नाही असला. "टाके उसवतील की रे," म्हणत ती रोज सकाळी तो आणखी आवळायची.

पंधरा दिवसांत मामाला धाप लागायला लागली. संडासापर्यंत चालवेना, आवाज तर पार कुजबुजीवर आला. बघायला येणारे दारातच सुस्कारे टाकायचे, "हृदयच दमलंय, ऑपरेशन फुकट गेलं." अरे मेल्यांनो, तुम्हाला विचारलंय कुणी? पण मी तरी काय वेगळी होते! आई बाजारात गेलेली बघून तो मला म्हणाला, "पोरी, जरा सैल कर की." आई रागावेल म्हणून मी उलट गाठ पक्की केली. आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

शेवटी सात रस्त्याजवळच्या डॉक्टरांकडे मीच त्याला टांग्यातून नेलं. त्यांनी आधी कात्रीनं पट्टा कापला, मग छाती-पाठ तपासली, फोटो काढला आणि भडकलेच. "हृदय ठणठणीत आहे! फुप्फुसाला फुलायला जागा ठेवलीत का? खालून मिटून गेलंय ते. कुणाचं हे शहाणपण?"

मामानं पट्ट्याची शांतपणे घडी घातली. "ताणा घट्ट झालता. मला पैल्याच दिशी कळलं हुतं."

"मग बोंबलला का नाहीस?" मी किंचाळले.

"अक्कानं बांधला हुता की. तिला सांगू नगंस. माझी आण हाय तुला."

आईला मी एवढंच सांगितलं, डॉक्टरांनी पट्टा कापला, पुन्हा बांधू नका म्हणालेत. महिन्याभरात तो पुन्हा गल्ली गाजवायला लागला. पाच वर्षांनी गेला, तोही काविळीनं. हृदयाचा काडीचा संबंध नव्हता. आई तो कापलेला पट्टा मांडीवर घेऊन बसली होती. "त्या डॉक्टरनं सोडायला नको होता गं. बांधलेला राहिला असता तर जगला असता माझा भाऊ."

मामाचा असा संताप आला मला! पण त्याची आण आठवली आणि म्हणाले, "होय, आई."