कोऱ्या डोळ्यांचं उदमांजर

आमच्या वेस्ट मांबलमच्या फ्लॅटमध्ये पाहुणे फार वेळ बसत नाहीत. याचं श्रेय माझ्या स्वयंपाकाला देणारे काही नातेवाईक आहेत, पण खरं कारण भिंतींवर आहे. हॉलमध्ये मुंगूस, घुबड, वटवाघूळ, घोरपड आणि डोंबकावळे आहेत. सगळे जलरंगातले, सगळे खऱ्या मापाचे, आणि सगळे आपल्याकडे बघणारे.

ही चित्रं माझ्या सासऱ्यांची. मी सांगलीहून इथे तमिळ मुलखात आलेली, शाळेत विज्ञान शिकवणारी. ते तंजावरच्या मराठी घराण्यातले, जन्म सरकारी कचेरीत गेलेला. चित्रकला त्यांना कुणी शिकवली नाही. निवृत्त झाल्यावर मुलांच्या रंगपेटीपासून सुरुवात केली आणि ओल्या कागदावर रंग किती पसरतो हे कागद वाया घालवत शिकले. नव्याचे नऊ दिवस, असं मी लग्नानंतर मनात म्हटलं होतं. ते साफ खोटं ठरलं.

त्यांचे दोन नियम होते. एक, प्रत्यक्ष पाहिलेलंच जनावर काढायचं. नवऱ्याने एकदा मोबाइलवर घुबडाचे सुरेख फोटो दाखवले, तर त्यांनी मान फिरवली. म्हणाले, "तें फोनाकडं बघूलालें. मजकडं नाही." बघूलालें म्हणजे त्यांच्या तंजावरी मराठीत बघतंय.

दुसरा नियम डोळ्यांचा. अंगावरचा केस न् केस कोरड्या कुंचल्याने काढून झाला, तरी डोळ्यांची जागा ते कागदाची पांढरी तशीच ठेवत. त्यांच्या लहानपणी कुंभकोणमजवळ मूर्ती घडवणारे शेजारी होते. मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी उघडतात, आणि उघडताना समोर आरसा धरतात, म्हणजे देवाची पहिली नजर माणसावर न पडता आरशात पडते. मामंजींनी हे जसंच्या तसं उचललं होतं. जनावराने त्यांच्याकडे एकदा सरळ पाहिलं, की ते डोळे भरायला बसत. समोर आरसा, सासूबाईंचा, पितळी मुठीचा. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या, आरसा या कामाला उरला होता.

मी थट्टा केली. मुंगसाला देव करताय का, असं विचारलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, "पहिली नजर ज्यावर पडती, तें जातें. त्यानें आरशांत आपल्यालाच पाहिलें तर तेंच जातें. आम्ही राहतों."

आणि खरंच, मुंगसाचे डोळे भरल्यावर मुंगूस गल्लीत पुन्हा दिसलं नाही. घुबडही नाही. मी म्हणायची, झाडं तोडली, विहिरी बुजवल्या, कशाला राहतील? माझं म्हणणं बरोबरच होतं. तरी कोऱ्या डोळ्यांचं चित्र सुकायला टांगलेलं असलं, की मी त्याच्याकडे पाठ करून जेवायला बसायची नाही.

शेजारी एक जुनं कौलारू घर होतं. अंगणात आंब्याचं झाड, आणि कौलांखाली उदमांजर. तमिळमध्ये त्याला मरनाय म्हणतात, झाडावरचं कुत्रं. दिवेलागणीला ते केबलच्या तारेवरून चालत आमच्या खिडकीपाशी यायचं. ते यायच्या आधी त्याचा वास यायचा. पहिल्यांदा आला तेव्हा मला घरची आठवण होऊन गलबलून आलं, कारण तो हुबेहूब आंबेमोहोर शिजत असल्याचा वास होता, आणि आमच्या कुकरमध्ये तर काहीच नव्हतं. त्या अंगाला तसा वास असतो, हे मी नंतर वाचलं. वाचल्याने तो कमी विचित्र झाला नाही. रिकाम्या स्वयंपाकघरात भात शिजायला लागे आणि अंधारातून मामंजी म्हणत, "आलें."

त्याचं चित्र त्यांनी सगळ्यांत जास्त मन लावून काढलं. राखाडी अंग, काळे पाय, शेपटीचा लांब झुबका. फक्त डोळे राहिले. तेवढ्यात त्यांचेच डोळे गेले, म्हणजे जायला लागले. काचबिंदू. डॉक्टरांनी सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, उरलेलं किती टिकेल ते सांगता येत नाही. कडेचं सगळं आधी गेलं. मधोमध नळीतून पाहावं तसं थोडं दिसे. त्या नळीत एकदा उदमांजराचे डोळे यावेत, एवढंच आता त्यांना हवं होतं. ते रोज संध्याकाळी डोळ्यांत तेल घालून खिडकीशी बसत. मला त्यांची फार कीव यायची, आणि कीव आली की मी चिडते, म्हणून औषधाच्या थेंबांवरून त्यांना बोलत राहायची.

मग शेजारचं घर पाडायला घेतलं. तिथे फ्लॅट होणार होते. कौलं उतरली, आंबा कापला. चार-पाच संध्याकाळी वास आला नाही. मामंजी जेवले नाहीत.

एका संध्याकाळी मी शाळेतून येऊन चहा ठेवत होते, तर आंबेमोहोराचा वास इतका दाट आला की मी नकळत शेगडीकडे पाहिलं. उदमांजर खिडकीच्या गजांच्या आत बसलं होतं. अंगावर सिमेंटची धूळ. मामंजी हातभर अंतरावर होते. दोघं एकमेकांकडे बघत होते. मी शेगडी बंद केली. किती वेळ गेला कोण जाणे. मग ते वळलं आणि आमच्याच माळ्यावर चढलं, जसं काही तिथेच राहत होतं.

मामंजींनी दिवा लावायला सांगितलं आणि चित्राची फळी मांडीवर घेतली. कुंचला बुडवला, आणि थेंब कानाजवळ टेकणार तेवढ्यात मी त्यांचा हात धरला. त्यांना जागा दिसत नव्हती. त्यांनी कुंचला माझ्या हातात दिला.

माझ्याने होणार नाही, मी म्हटलं. ते मला इथल्या रीतीने मा म्हणत. म्हणाले, तूही पाहिलेस ना ते डोळे, मा, मग होईल. त्यांनी रंग सांगितला: गडद तपकिरी, पाणी कमी, आणि चमकेसाठी मध्ये कागदाचा ठिपका कोरा सोडायचा. आरसा मी धरतों, ते म्हणाले. मग एक गोष्ट त्यांनी पुन्हा पुन्हा बजावली. "मान खालींच ठेव. मी सांगीपर्यंत वर बघूं नकोस."

त्यांच्या मांडीजवळ बसून मी डावा डोळा भरला. उजवा भरला. माळ्यावर काहीतरी सरकलं आणि थांबलं. उजव्याचा शेवटचा ठिपका टेकवताना आरशाची चमक कागदावर कुठेच का पडत नाही, असं मनात आलं. मी मास्तरीण. चूक दिसली की सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. मी मान वर केली.

आरसा उलटा होता. चित्रासमोर त्याची लाकडी पाठ होती, आणि तिच्या शेजारी, चित्राच्या अगदी तोंडासमोर, मामंजींचा चेहरा.

"मामंजी, आरसा उलटा धरलाय."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "त्याचें घर पाडून टाकलें. आतां तें कोठें जाईल?"

मी आरसा त्यांच्या हातातून काढून घेतला आणि पदराने उगीचच पुसत राहिले.

त्याच आठवड्यात त्यांची उरलेली नजर गेली. डॉक्टरांना आश्चर्य वाटलं नाही. मलाही वाटायला नको होतं, डोळ्याची नस कशी मरते हे मी वर्गात फळ्यावर काढून दाखवते. उदमांजर मात्र गेलं नाही. ते अजून माळ्यावर आहे. नवऱ्याने त्याला हाकलायचा विषय काढला तेव्हा घरात पहिल्यांदा मी त्याच्यावर आवाज चढवला. संध्याकाळी भात शिजल्याचा वास येतो, मामंजी केळं सोलून खिडकीत ठेवतात, आणि त्यांचा चेहरा ते जनावर जिथे असेल तिथेच बरोबर वळतो.

चित्र मी जेवणाच्या टेबलासमोर टांगलं. टांगून झाल्यावर मागे सरकून पाहिलं तेव्हा लक्षात आलं. डावा डोळा समोर बघतो. उजवा, ज्याचा शेवटचा ठिपका मी मान वर करता करता टेकवला, किंचित बाजूला बघतो. कुणी मामंजींच्या मांडीजवळ बसून कुंचला धरला असेल, तर तिच्याकडे.

मामंजी खुर्चीत केळं सोलत होते. त्यांनी विचारलं, "कोणाकडं बघूलालें?"

"तुमच्याकडे."

"तुजकडं नाही ना, मा?"

"नाही," मी म्हणाले.