माळावरची घोंगडी

वाटूरजवळच्या माळावर रायभाननं तीस वर्षं मेंढरं वळली. मेंढरं विकल्यावर वनखात्यानं त्याला काळविटांच्या पाणवठ्यावर राखणदार म्हणून घेतलं आणि कोरी खाकी वर्दी दिली. आसराबाईनं नवऱ्याची दृष्टच काढली.

काळविटांना मात्र त्या वर्दीचं काडीचं कौतुक नव्हतं. खाकी दिसली की कळप लांबच थबकायचा. मोकाट कुत्री कळपावर धावून येतील म्हणून रायभानला जागाही सोडता येईना. ऐन चैत्रात चार दिवस एकाही जनावरानं पाण्याला तोंड लावलं नाही. त्याचा जीव तुटायला लागला. पाचव्या सकाळी त्यानं वर्दी घडी घालून ठेवली, मेंढरं वळतानाची जुनी घोंगडी अंगावर घेतली आणि बाभळीखाली बसला. घटकाभरात कळप पाण्यावर आला.

नेमके तेव्हाच तपासणीला वनपाल आले.

“वर्दी कुठंय?” त्यांनी दरडावलं. कळप उधळून टेकाडापाशी थांबला.

“हळू बोला, साहेब. पाणी पीत होते बिचारे,” रायभान म्हणाला. “तुमी मला वर्दीत ओळखता. ते न्हाई ओळखत.”

वनपालांनी कळपाकडं पाहिलं, मग आपल्या खाकीकडं. कळप हलेना.

रायभाननं अर्धी घोंगडी त्यांच्या खांद्यावर टाकली.